नारिंगी गाळ कुणाच्या नावावर?

बंद पडलेल्या खाणीचे पाणी ज्या ओढ्याला मिळते, तो ओढा दुरूनच ओळखू येतो. तळाच्या गोट्यांवर नारिंगी-पिवळा लेप चढलेला असतो, काठाला कावेसारखा मऊ चिखल साचलेला असतो आणि पाण्यात किडा-मासा सहसा दिसत नाही. आसपास राहणारी माणसे म्हणतात, हे विष आहे, उपसून काढा. खाणमालकाचा सल्लागार अहवालात लिहितो, हा गाळच पाण्यातले विष धरून ठेवतो आहे, त्याला हात लावू नका. गंधकयुक्त खनिजांच्या खाणी जगात जिथे जिथे झाल्या, तिथे हा वाद कधी ना कधी उभा राहतो.

या वादात सल्लागाराचे रसायनशास्त्र बरोबर आहे आणि रहिवाशांचा संशयही बरोबर आहे, असे माझे मत आहे. लोहाची खनिजे खाणीच्या पाण्यातले आर्सेनिक आणि शिसे खरोखरच पकडतात. त्यासाठी वीज लागत नाही, रसायन विकत घ्यावे लागत नाही, माणूस नेमावा लागत नाही. पण पकडलेले विष नष्ट होत नाही, ते गाळात साठते. त्या गाळात विषाची ठेव आहे. ही ठेव कुणाच्या नावावर, तिची राखण कुणी करायची आणि कुठवर, हे न सांगता ‘निसर्ग सांभाळतो आहे’ एवढे लिहून खाणीतून अंग काढून घेण्याची मुभा कुठल्याही कायद्याने देऊ नये.

असे का म्हणतो, हे सांगण्यासाठी लोहाची करणी थोडी खोलात जाऊन पाहावी लागेल. विषय किचकट आहे, पण सार्वजनिक निर्णय त्याच्यावरच उभे आहेत, म्हणून टाळता येत नाही.

सगळ्याची सुरुवात पायराइटपासून होते. लोह आणि गंधक यांचे हे पिवळे चकाकणारे खनिज कोळशाच्या थरांत असते, तसेच तांबे, शिसे, जस्त आणि सोन्याच्या खाणींतही असते. जमिनीखाली हवेपासून दूर ते लाखो वर्षे जसेच्या तसे पडून राहते. खाण खणली की हवा आणि पाणी त्याच्यापर्यंत पोचतात. मग गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते, लोह पाण्यात उतरते आणि ते आम्ल वाटेतल्या खडकांतून शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम, आर्सेनिक सोडवत पुढे सरकते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत या पाण्याचा सामू (pH, आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी) उणे ३.६ इतका खाली गेलेला मोजला आहे. सामू शून्याच्याही खाली जाऊ शकतो हे अनेकांना पटत नाही, पण त्या खाणीच्या पोटात तो गेलेला आहे.

पाण्यात उतरलेले लोह सुरुवातीला द्विसंयुजी, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, असते. या रूपात ते जवळजवळ रंगहीन असते, म्हणून खाणीच्या तोंडाशी पाणी पुष्कळदा नितळ दिसते. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे त्रिसंयुजी (आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेले) लोह व्हायला हवे, पण आम्लधर्मी पाण्यात ही क्रिया आपोआप फारच संथ चालते. तिथे जिवाणू कामाला येतात. आज अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या नावाने ओळखला जाणारा जिवाणू १९४७ मध्ये कोळसाखाणीच्या आम्लपाण्यातून नोंदवला गेला. हा जिवाणू लोहाचे रूप पालटून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतो. फिलिप सिंगर आणि वेर्नर स्टुम यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की असे जिवाणू ही क्रिया सुमारे दहा लाख पटींनी वाढवतात.

त्रिसंयुजी लोहाची वागणूक ते कुठे आहे त्यावर ठरते. खाणीच्या आत, पायराइटच्या सान्निध्यात, ते पायराइटवरच हल्ला करते आणि आणखी आम्ल तयार करते. बाहेर आल्यावर, पाण्याची आम्लता जराशी उतरली, की त्याला पाण्यात विरघळून राहता येत नाही. त्याचा साका होऊन तळाशी बसतो. आत विष सोडवणारे आणि बाहेर विष पकडणारे लोह एकच आहे. ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते, आणि पुढच्या युक्तिवादाची किल्लीही तीच आहे: लोह काय करील हे भोवतालच्या परिस्थितीवर ठरते.

साक्याचे खनिजही परिस्थितीप्रमाणे बदलते. सामू तीनच्या खाली असेल तर जॅरोसाइट बनते. तीन ते साडेचारच्या दरम्यान श्वर्टमनाइट. त्याहून वर, उदासीनतेकडे जाताना, फेरिहायड्राइट. काळ लोटला की यातली बरीचशी गोएथाइटमध्ये बदलतात. गोएथाइटला कवी गोएथे यांचे नाव दिलेले आहे. वायमारच्या दरबारी असताना इल्मेनाउच्या खाणीचा कारभार त्यांच्याकडे होता आणि ती खाण पुढे पाण्यानेच बुडाली, हे थोड्यांना ठाऊक असते. श्वर्टमनाइटचे नाव जर्मन मृदाशास्त्रज्ञ उडो श्वर्टमन यांच्यावरून आले. फिनलंडमधल्या प्यूहासाल्मी खाणीच्या नमुन्यांवरून हे खनिज १९९४ मध्ये रीतसर वर्णिले गेले. म्हणजे खाणीच्या ओढ्यांत टनावारी साचणाऱ्या या पदार्थाला शास्त्रात स्वतःचे नाव मिळून अजून अर्धशतकही झालेले नाही. त्याच्या आधी जे खाणबंदीचे आराखडे मंजूर झाले, त्यांत ‘लोहाचा गाळ’ एवढीच नोंद असणार. कोणत्या लोहाचा, हा प्रश्न विचारायला शब्दच नव्हता.

आता पकडण्याची रीत. फेरिहायड्राइटचे कण काही नॅनोमीटरांचे असतात. कण इतके बारीक असले की एका ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ २०० चौरस मीटरांच्या पुढे जाते. त्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो आणि तो सामूप्रमाणे पालटतो. पाणी आम्लधर्मी असताना पृष्ठभाग धनभारित असतो, त्यामुळे ऋणभारित आर्सेनेट (ऑक्सिजनशी जोडलेले, पाण्यात विरघळलेले आर्सेनिक) त्याच्याकडे ओढले जाते. ते नुसते चिकटत नाही, लोहाशी थेट रासायनिक बंध जोडते. सामू वाढत गेला की धातूंची पाळी येते: आधी शिसे, मग तांबे, त्यानंतर जस्त आणि कॅडमियम. काही विषे पृष्ठभागावर न थांबता खनिजाच्या घडणीतच शिरतात. जॅरोसाइटमध्ये पोटॅशियमच्या जागी शिसे बसते, श्वर्टमनाइटच्या पोकळ्यांतल्या सल्फेटला हटवून आर्सेनेट जागा घेते.

हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे ओढा वाचता येतो. वरच्या अंगाला गाळात आर्सेनिक जास्त, पुढे शिसे आणि तांबे. सामू पाचच्या आसपास आला की कधी कधी गोट्यांवर पांढरा लेप दिसतो, तो अ‍ॅल्युमिनियमचा. जस्त आणि कॅडमियम मात्र पुष्कळदा या सगळ्या चाळण्यांतून निसटून खालच्या नदीत पोचतात, कारण त्यांना धरण्यासाठी लागणारा सामू ओढ्याला लाभलेलाच नसतो. माशांना जस्त घातक असते, आणि पाण्यात विरघळलेल्या जस्ताला रंग नसतो. ‘नारिंगी पट्टा संपला, पुढे पाणी स्वच्छ आहे’ असे वाक्य कुठल्याही अहवालात दिसले, तर मी पहिल्यांदा जस्ताचा आकडा शोधीन.

दक्षिण फ्रान्समधल्या कार्नुलेसचे उदाहरण घेऊ. तिथली शिसे-जस्ताची खाण १९६२ मध्ये बंद झाली. धातू काढून उरलेली भुकटी एका बांधाआड साठवलेली आहे, तिच्या पायथ्याशी रेगू नावाचा ओढा उगम पावतो आणि त्याच्या पाण्यात लिटरमागे शेकडो मिलिग्रॅमपर्यंत आर्सेनिक मोजले गेले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या ओढ्याच्या पहिल्या ३० मीटरांतच २० ते ६० टक्के आर्सेनिक लोहाबरोबर खाली बसते, आणि हे काम तिथले जिवाणू करतात. काही जिवाणू लोहाचे रूप पालटतात, काही आर्सेनिकचे. साक्याचे स्वरूप ऋतूप्रमाणे बदलते. ओल्या मोसमात लोह आणि त्रिसंयुजी आर्सेनिक यांचे टूएलाइट नावाचे दुर्मिळ खनिज बनते, कोरड्या मोसमात पंचसंयुजी आर्सेनिक धरून ठेवणारा साका बसतो.

तीस मीटरांत साठ टक्के, तेही यंत्राविना, हे ऐकून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. मग साधा हिशेब केला. समजा वरून येणाऱ्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम आर्सेनिक आहे आणि निसर्गाने साठ टक्के पकडले. उरले ४० मिलिग्रॅम. ही मात्रा पिण्याच्या मर्यादेच्या ४,००० पट आहे. पुढे आणखी साका बसतो, दुसरे प्रवाह मिळून पाणी पातळ होते, हे खरे आहे. पण टक्केवारीच्या भाषेत जे यश दिसते ते उरलेल्या मात्रेच्या भाषेत तसे दिसत नाही. खाणबंदीच्या अहवालांत टक्केवारी ठळक छापली जाते आणि उरलेली मात्रा परिशिष्टात जाते, अशा मांडणीला माझा आक्षेप आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाच्या पोटात टक्केवारी जात नाही, उरलेली मात्रा जाते.

तरीही, गाळ उपसून टाका या मागणीच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही. नारिंगी रंगाची भीती समजण्यासारखी आहे. ५ ऑगस्ट २०१५ रोजी कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखालचे काम चालू असताना साठलेले पाणी फुटले आणि एक कोटी लिटरहून अधिक आम्लपाणी अ‍ॅनिमस नदीत गेले. नदी मोहरीसारखी पिवळी झाली आणि ती छायाचित्रे जगभर पोचली. १९९२ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल इथे व्हील जेन या कथलाच्या खाणीतही असेच घडले होते. खाण आदल्या वर्षी बंद झालेली, पंप थांबलेले, आत पाणी चढत गेले, आणि शेवटी ते बाहेर पडून कार्नन नदीतून फालच्या खाडीपर्यंत नारिंगी पट्टा उमटला. लोकांच्या मनात खाणीचे प्रदूषण म्हणजे हा रंग, हे समीकरण अशा प्रसंगांनी पक्के केले आहे. रंग लोहाचा असतो. लोह खाली बसताना काही विषे आपल्याबरोबर घेऊन जाते, म्हणजे ज्या क्षणी नदी सर्वांत भयंकर दिसते त्या क्षणी तिच्यात शुद्धीकरणाचीही एक क्रिया चालू असते. खाणीच्या तोंडाशी दिसणारे नितळ पाणी त्याहून अधिक जहाल असू शकते.

आणि उपसलेला गाळ ठेवायचा कुठे? हा साका बहुतांश पाणीच असतो, सुकायला वेळ घेतो, उचलताना ढवळला जातो आणि त्यातले बारीक कण प्रवाहाबरोबर मैलोगणती जातात. प्रयोगशाळेत ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळून ‘विरघळलेले’ धातू मोजण्याची पद्धत आहे. लोहाचे कितीतरी कण त्या गाळणीतूनही पार होतात. उपसा करून ओढा साफ केला असे जाहीर होते, तोवर विषाचा एक वाटा खाली निघून गेलेला असतो. उपसलेला चिखल खड्ड्यात टाकून वर माती आणि पालापाचोळा लोटला, तर त्याच्याहून वाईट गोष्ट घडते. ती समजली की या प्रश्नाची दुसरी बाजू कळते.

लोहाचे कुलूप काही अटींवर बंद राहते. पहिली अट ऑक्सिजनची. ऑक्सिजन संपला आणि खायला सेंद्रिय पदार्थ असला, की जिओबॅक्टर आणि शेवानेला यांसारखे जिवाणू श्वसनासाठी त्रिसंयुजी लोहच वापरू लागतात. त्रिसंयुजीचे द्विसंयुजी झाले की लोह पुन्हा पाण्यात विरघळते, आणि त्याच्या अंगावर चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. हा केवळ प्रयोगशाळेतला धोका नाही. बांगलादेशातल्या भूजलाची शोकांतिका प्रामुख्याने याच क्रियेतून घडली. तिथे खाणीचा संबंध नव्हता. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचे पापुद्रे होते आणि त्या पापुद्र्यांत आर्सेनिक अडकलेले होते. जमिनीखाली सेंद्रिय पदार्थ कुजताना ऑक्सिजन संपला, लोह विरघळले, आर्सेनिक पाण्यात आले. दूषित पृष्ठजलापासून माणसे वाचावीत म्हणून ज्या कूपनलिका खणल्या गेल्या, त्यांनी तेच पाणी घरोघर पोचवले. १९९० च्या दशकात हे उघडकीस आले तेव्हा साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज होता. आर्सेनिक मुळात पकडून ठेवणारे आणि शेवटी सोडून देणारे खनिज एकच होते.

दुसरी अट सामूची, आणि इथे एक पेच आहे. जस्त धरायचे तर सामू वाढवावा लागतो. म्हणून चुना घालतात. पण सामू आठ-नऊच्या पुढे गेला की लोहाचा पृष्ठभाग ऋणभारित होऊ लागतो आणि आर्सेनेटला दूर लोटतो. एका विषासाठी लावलेले कुलूप दुसऱ्यासाठी उघडते. तिसरी गोष्ट फॉस्फेटची. फॉस्फेट आणि आर्सेनेट यांची रासायनिक ठेवण इतकी सारखी आहे, की लोहाच्या पृष्ठभागावर दोघे एकाच जागेसाठी भांडतात. खाणीच्या उजाड ढिगाऱ्यावर हिरवळ उगवावी म्हणून सद्हेतूने कंपोस्ट आणि खते घातली जातात. त्यातले फॉस्फेट आर्सेनेटला जागेवरून उठवू शकते, आणि कंपोस्टमधला सेंद्रिय पदार्थ ऑक्सिजन संपवायला हातभार लावतो. वृक्षारोपणाच्या समारंभाला कुणी हरकत घेत नाही, पण त्या मातीखाली कोणते खनिज आहे हे आधी पाहिलेच पाहिजे.

आणि वय. श्वर्टमनाइट हे कायमचे खनिज नाही. ते हळूहळू गोएथाइट होते, आणि होताना सल्फेट व आम्ल सोडते. पृष्ठफळही घटते. पकडलेल्या आर्सेनिकचे या बदलात काय होते याचे उत्तर सरळ नाही: काही आत बंद होते, काही बाहेर पडते, आणि आर्सेनेट भरपूर असेल तर ते श्वर्टमनाइटला म्हातारे व्हायलाच उशीर लावते. म्हणून ‘आज गाळात इतके आर्सेनिक आहे’ ही नोंद पंचवीस वर्षांनी जशीच्या तशी लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

निसर्गावर विसंबा म्हणणाऱ्यांकडे एक भक्कम दाखला आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. स्पेनमधल्या रिओ तिंतो नदीकाठी लोहाच्या साक्याची जुनी पायठणे, म्हणजे आजच्या पात्राहून उंचावर राहिलेले पायऱ्यांसारखे थर, आहेत. आजच्या पात्रात जॅरोसाइट आणि श्वर्टमनाइट सापडते, जुन्या पायठणांत त्यांच्या जागी गोएथाइट आणि हेमेटाइट. सर्वांत जुन्या थरांचे वय सुमारे वीस लाख वर्षे आहे. माणसाने तिथे पहिली कुदळ मारली त्याच्या कितीतरी आधीपासून ती नदी आम्ल वाहते आहे आणि साका बसवते आहे. लोहाची खनिजे वीस लाख वर्षे टिकतात, हे त्या नदीने दाखवून दिले आहे, मला मान्य आहे. पण ती का टिकली? नदीने पात्र खाली कोरत नेले आणि ती पायठणे वर, कोरडी, हवेशीर राहिली. ती कुणी पाण्याखाली बुडवली नाहीत, वर खत घातले नाही, खालून रस्ता काढला नाही. शिवाय खनिज टिकले म्हणजे त्याने पहिल्या दिवशी धरलेले सगळे आजही धरलेले आहे, असेही सिद्ध होत नाही.

या पार्श्वभूमीवर धोरणाकडे पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने १९९९ मध्ये ‘निगराणीखालचे नैसर्गिक शमन’ या उपायाबद्दल मार्गदर्शन काढले. दूषित जागेवर निसर्गाच्या क्रियांवर विसंबायचे असेल तर त्या क्रिया खरोखर चालू आहेत याचा पुरावा द्या, उगमावर नियंत्रण आणा आणि देखरेख चालू ठेवा, असा त्याचा गाभा होता. पेट्रोलसारखे सेंद्रिय दूषित पदार्थ जिवाणू खाऊन संपवतात, म्हणून तिथे ‘शमन’ हा शब्द शोभतो. धातू मूलद्रव्य आहेत, त्यांना कुणी खाऊन संपवू शकत नाही. ते फक्त जागा आणि रूप बदलतात. धातूंसाठीचे तांत्रिक मार्गदर्शन २००७ पासून वेगळे आले, ते बरेच झाले. तरी मूळ शब्द तसाच राहिला आणि त्याने केलेला घोटाळाही राहिला. धातूंच्या बाबतीत ‘शमन’ हा शब्द कायद्याच्या भाषेतून काढावा आणि ‘साठवण’ म्हणावे, अशी माझी मागणी आहे. शब्द बदलला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: साठवण कुणाची, किती मुदतीची, आणि फुटली तर जबाबदार कोण?

साठवण म्हटली की नुसते पाण्याचे नमुने घेऊन भागत नाही. आज बहुतेक ठिकाणी वर्षातून ठरावीक वेळा ओढ्यातून बाटली भरली जाते. गाळ तपासला जात नाही. तपासला तरी एकूण आर्सेनिक किती एवढेच पाहतात, ते कोणत्या खनिजात आहे हे पाहत नाहीत. श्वर्टमनाइटमधले, गोएथाइटमधले आणि पृष्ठभागावर नुसते चिकटलेले आर्सेनिक यांचे भवितव्य वेगवेगळे आहे. खनिज ओळखणारे क्ष-किरण विवर्तन आणि टप्प्याटप्प्याने विरघळवण्याच्या चाचण्या नव्या नाहीत, दुर्मिळही नाहीत. ज्या मालकाला निसर्गाचे काम आपल्या खात्यावर दाखवायचे आहे, त्याने गाळाच्या उभ्या नमुन्यांवर या चाचण्या ठरावीक वर्षांनी करून निकाल जाहीर करावेत. नमुने पुराच्या दिवसांतही घ्यावेत, कारण शांत महिन्यांत साठलेला गाळ एका पुरात खाली जाऊ शकतो. आणि दिवसाही घ्यावेत, रात्रीही. डायान मॅकनाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कोलोरॅडोतल्या एका आम्लधर्मी पहाडी ओढ्यात दाखवले होते, की सूर्यप्रकाशाने त्रिसंयुजी लोहाचे पुन्हा द्विसंयुजी होते आणि ओढ्यातल्या विरघळलेल्या लोहाची पातळी दिवसाच्या प्रहराप्रमाणे हलते. सकाळी नवाला भरलेली बाटली पूर्ण दिवसाची साक्ष देऊ शकत नाही.

मुदतीचा प्रश्न त्याहून कठीण आहे. आयर्न माउंटनमधला पायराइट आजच्या वेगाने झिजत राहिला तर आम्लपाणी थांबायला सुमारे ३,००० वर्षे लागतील, असा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी मांडला आहे. कुठलीही कंपनी इतकी जगत नाही. राज्येही जगत नाहीत. म्हणून खाण चालू असताना, तिच्यातून पैसा येत असताना, राखणीचा निधी वेगळा काढून मालकाच्या हाताबाहेर ठेवला पाहिजे. खाण बंद झाल्यावर निधी मागणे म्हणजे रिकाम्या तिजोरीकडे हात पसरणे आहे. ओढा फुकट काम करतो, या कारणावरून निधीची रक्कम घटवण्याची सूट मागितली जाते, ती देऊ नये. ओढा काम करतो म्हणूनच राखण करण्यासारखी वस्तू तिथे जमा होते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. जगात सोडून दिलेल्या खाणींची संख्या प्रचंड आहे. पुष्कळांचे मालक सापडत नाहीत, सापडले तर दिवाळखोर निघतात. व्हील जेनच्या पाण्यावर २००० सालापासून चुन्याचे शुद्धीकरण केंद्र चालते. असे केंद्र प्रत्येक ओढ्यावर कोण उभारणार? श्रीमंत देशांनाही ते जमलेले नाही. मग लोहाचा साका हाच एकमेव राखणदार असताना त्याच्यावर अटी लादून काय मिळवायचे?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच निसर्गाच्या कामाला हातभार लावावा असे मला वाटते. पाणी पायऱ्यांवरून उथळ पसरवले तर हवा जास्त मिसळते आणि लोहाचे रूप लवकर पालटते. पुढे गाळ बसायला कुंड्या केल्या तर साका ओढ्यात सांडण्याऐवजी एका जागी जमतो. चुनखडीचे चर खणून सामू हवा तितकाच चढवता येतो, मात्र चुनखडीवर लोहाचा थर बसून ती निकामी होते, म्हणून तिला लोहाचा साका होण्याआधीच्या टप्प्यात, हवेपासून दूर ठेवावे लागते. हे सगळे मोठ्या केंद्राच्या तुलनेत स्वस्त आहे. खुल्या ओढ्याला यातून आणखी एक दिलासा मिळतो. लोहाचा गाळ तळाच्या खडीतल्या फटी बुजवतो, तिथे वाढणारे कीटक आणि माशांची अंडी गुदमरतात. विष पकडणारा साका ओढ्यातल्या जीवांची जागा घेऊन बसतो. तो कुंडीत जमला तर पकडण्याचे काम होते आणि ओढाही मोकळा राहतो. ओहायोत कोळसाखाणींच्या अशाच पाण्यातून लोह वेगळे काढून चित्रांच्या रंगांसाठी वापरण्याचे काम अभियंता गाय रीफलर आणि चित्रकार जॉन साब्रॉ यांनी केले आहे. जिथे गाळात आर्सेनिक आणि शिसे नगण्य आहे तिथे हा मार्ग उत्तम. जिथे ते भरपूर आहे तिथे गाळाला बाजार शोधू नये.

बेवारस खाणींची राखण सरकारांवरच येणार, आणि तिथे निधीपेक्षाही आधी लागते ती नोंद. कुठल्या ओढ्याच्या कुठल्या टप्प्यात कोणत्या खनिजाचा किती जाडीचा गाळ आहे आणि त्याने काय धरून ठेवले आहे, एवढे नकाशावर असले तरी कितीतरी चुका टळतील. त्या टप्प्याच्या खाली धरण बांधायचा प्रस्ताव आला, तर तो गाळ ऑक्सिजन नसलेल्या पाण्याखाली जाणार हे अभियंत्याला आधीच दिसेल. शेजारच्या शेतजमिनीतून फॉस्फेट वाहून येते का, हे तपासायला कारण मिळेल. रस्ता, नळ किंवा घरांची वसाहत तिथून न्यायची तर कुणीतरी थांबवील. ही नोंद जमिनीच्या मालकीच्या कागदांतच असावी, पर्यावरण खात्याच्या कपाटात नव्हे, म्हणजे जमीन विकली गेली तर गाळाची जबाबदारीही विकत घेणाऱ्याला सहीनिशी स्वीकारावी लागेल. जिथे आज खाण चालू आहे, तिथे ओढ्याचा पहिला नारिंगी गोटा दिसण्याआधीच त्या कागदावर एक रकाना मोकळा ठेवायला हवा.